राजा, सम्राट, सुलतान, शोगुन : परकीय सत्ताधीशांच्या पदव्या मराठीत कशा लिहाव्यात?

आपण कोल्हापुरात इतिहास शिकवता आणि विद्यार्थ्यांसाठी जगाच्या इतिहासाची मराठी पुस्तिका तयार करीत आहात. आपल्या मसुद्यात झार, कैसर आणि चीनचा सत्ताधीश यांना ‘सम्राट’, सुलतान, शहा व खान यांना ‘राजा’, तर शोगुन, ड्यूक, काउंट, नवाब या सगळ्यांना सरसकट ‘सरदार’ असे लिहिले आहे. ही उतरंड कोणत्या आधारावर लावली, असे संपादकांनी विचारले आणि तोच प्रश्न आपण माझ्याकडे पाठवला. मोडी दफ्तरे वाचण्यात आणि फारसी-इंग्रजी कागदांचे मराठीकरण करण्यात माझे बरेच आयुष्य गेले असल्याने उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण या एका बाबतीत झालेली गल्लत पुढच्या सगळ्या इतिहासाचा अर्थ बदलून टाकते.

संपादकांची शंका रास्त आहे. पदव्यांची एकच जागतिक उतरंड लावता येत नाही. पदवी म्हणजे पगाराची श्रेणी नव्हे. हा मनुष्य कोणाच्या वर आहे, कोणाच्या खाली आहे आणि हा अधिकार त्याला कोणी दिला, हे सांगणारे ते एक विधान असते. म्हणून प्रत्येक पदवीपाशी प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : ती कोणी दिली, ती धारण करणाऱ्याच्या डोक्यावर आणखी कोणी होते का, आणि आपण कोणत्या सालाबद्दल बोलत आहोत. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. औरंगजेबाने १६६८ मध्ये शिवाजी महाराजांना ‘राजा’ ही पदवी मान्य केली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर महाराजांनी स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि ‘छत्रपती’ हे पद धारण केले. अर्थाच्या दृष्टीने दोन्ही शब्द राजाचेच आहेत, परंतु पहिल्यात देणारा वर बसलेला आहे आणि दुसऱ्यात वर कोणीही नाही. दोन्ही ठिकाणी नुसते ‘राजा’ लिहिले, तर राज्याभिषेकाचा खटाटोप कशासाठी केला हेच विद्यार्थ्याला कळणार नाही. त्याच सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेण्यात आला आणि पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव झाला. पदांची नावे बदलणे हे राज्य सार्वभौम असल्याचे सांगण्याचेच एक अंग होते.

आपल्या करवीर राज्यात तर ही उतरंड डोळ्यांना दिसते. विशाळगडचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य, कापशीचे सेनापती घोरपडे, तोरगलचे सेनाखासखेल शिंदे, कागलचे सर्जेराव घाटगे यांना मिळालेली ‘वजारतमआब’ ही पदवी, हिंमतबहादूर चव्हाण, सरलष्कर : करवीरच्या या जहागीरदारांच्या पदव्या एकत्र वाचल्या की त्यांत संस्कृत, फारसी आणि तुर्की-मंगोल असे तिन्ही थर सापडतात. ‘बहादूर’ हा शब्द मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून निघाला आणि चव्हाणांच्या घराण्यापर्यंत पोहोचला. यांतील प्रत्येक पदवी छत्रपतींनी दिलेली किंवा त्यांनी मान्य केलेली, म्हणजे खालच्या बाजूची आहे. यांच्यापैकी कोणालाही ‘राजा’ म्हणणे चूक ठरेल, आणि सर्वांना नुसते ‘सरदार’ म्हटले तर अमात्य आणि सेनापती यांच्यातला फरक पुसला जाईल.

दफ्तर वाचणारा माणूस पदवीपेक्षाही मायन्याकडे, म्हणजे पत्राच्या आरंभीच्या संबोधनाकडे, आधी पाहतो. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना असेल तर पत्र साधारण बरोबरीच्या मनुष्याला आहे. ‘स्वामींचे सेवेसी’ आणि पुढे ‘विज्ञापना’ असेल तर लिहिणारा खालचा आहे. आणि जिथे ‘आज्ञा’ येते तिथे बोलणारा कोण हे विचारावे लागत नाही. मुद्राही हेच सांगते. ‘शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ ही पेशव्याची मुद्रा पाहा. ज्याच्या फौजा उत्तरेत दिल्लीपर्यंत दौडत होत्या, त्याच्या स्वतःच्या शिक्क्यावर पहिले नाव राजाचे आहे आणि त्याचे नाव दुसरे, तेही ‘मुख्य प्रधान’ या पदासह. सत्ता पुण्यात होती, परंतु पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. दुसऱ्या बाजीरावापर्यंत हा शिरस्ता टिकला.

आपल्या मसुद्यातला शोगुन नेमका इथे बसतो. जपानमध्ये सम्राट क्योटोत होता आणि तोच शोगुनाची नेमणूक करीत असे. पदवीचे पूर्ण रूप ‘सेइ-इ ताइशोगुन’, म्हणजे रानटी टोळ्यांना जिंकणारा महासेनापती. मिनामोतो योरितोमो याला ती ११९२ मध्ये मिळाली. १६०३ मध्ये ती तोकुगावा घराण्याकडे आली आणि १८६७ पर्यंत त्याच घराण्यात राहिली. तोकुगावांच्या या सगळ्या काळात देशाचा कारभार शोगुन पाहत होता, सम्राट नव्हे. अशा मनुष्याला ‘सरदार’ म्हणणे फार तोकडे आहे आणि ‘राजा’ म्हणणे खोटे आहे. मराठी वाचकाला छत्रपती आणि पेशवे यांचे नाते ठाऊक असते. त्याची आठवण एका वाक्यात करून द्यावी आणि पुढे ‘शोगुन’ हाच शब्द ठेवावा. मात्र पेशवा हा अष्टप्रधानांतला मंत्री होता, तर शोगुनाचे शासन आरंभापासून लष्करी होते, हा फरक सांगायला विसरू नये. शोगुनाच्या खालच्या दाइम्योंना आपण ‘जहागीरदार’ म्हणू शकता. जमीन, किल्ला आणि फौज या तिन्ही बाबतींत तो शब्द पुष्कळ जवळ जातो.

आता काळाचा मुद्दा. पदव्यांची किंमत सतत उतरत जाते. अशोक आपल्या लेखांत स्वतःला ‘देवानंपिय पियदसि राजा’ म्हणवतो. जवळजवळ सगळा भारत हाताखाली असलेल्या मनुष्याला तेवढा शब्द पुरला. कोल्हापूर परिसरात सापडलेल्या कुर राजांच्या नाण्यांवर एका बाजूला बाण लावलेले धनुष्य आहे आणि अक्षरे आहेत ‘रञो वासिठीपुतस विळिवायकुरस’, म्हणजे ‘वासिष्ठीपुत्र विळिवायकुर राजाचे’. हा स्थानिक सत्ताधीश होता, त्याचे राज्य अशोकाच्या राज्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी दोघेही ‘राजा’. गुप्तांच्या काळी हा शब्द अपुरा वाटू लागला : पहिल्या चंद्रगुप्ताचे वडील आणि आजोबा ‘महाराज’ होते, तो स्वतः ‘महाराजाधिराज’ झाला, आणि त्यानंतर नुसते ‘महाराज’ हे मांडलिकाचे लक्षण ठरले. म्हणजे चौथ्या शतकातल्या लेखात ‘महाराज’ दिसले तर तो मोठा राजा आहे असे समजू नये, उलटच समजावे.

कोल्हापूरच्या शिलाहारांनी हे नियम काटेकोरपणे पाळले आणि संधी मिळताच मोडलेही. त्यांच्या ताम्रपटांत ‘समधिगतपंचमहाशब्द महामंडलेश्वर’ असे येते. पंचमहाशब्द म्हणजे पाच वाद्ये वाजवून घेण्याचा मान, आणि तो वरच्याकडून मिळालेला असतो. ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मूळ गावाचा अभिमान सांगते, आणि ‘श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ हे आपल्या अंबाबाईचे. महामंडलेश्वर हा मोठा, परंतु मांडलिक. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळल्यावर दुसऱ्या भोजाने मात्र राजाधिराज, परमभट्टारक, ‘पश्चिमचक्रवर्ती’ अशी सार्वभौम बिरुदे घेतली. पुढे देवगिरीच्या सिंघणाने पन्हाळ्यावर त्याचे राज्य संपवले, आणि सिंघणाचे यादव स्वतःला ‘प्रौढप्रतापचक्रवर्ती’ म्हणवत होते. एका प्रदेशात दोन चक्रवर्ती मावत नाहीत. ताम्रपटांतली बिरुदे वाचूनच तो संघर्ष समजतो.

हीच चढाओढ चीनमध्ये दिसते. तिथे पूर्वी सर्वोच्च शब्द ‘वांग’ होता. इसवी सनपूर्व २२१ मध्ये छिन राज्याच्या वांगने इतर सगळी राज्ये जिंकली, तेव्हा त्याने ‘हुआंगदी’ ही नवी पदवी घडवली. पुढे हान काळात ‘वांग’ हा सम्राटाच्या नातलगांना दिला जाणारा दुय्यम मान झाला. त्यामुळे छिनच्या आधीच्या वांगला ‘राजा’ आणि हुआंगदीला ‘सम्राट’ लिहावे, पण हानकालीन वांगला ‘मांडलिक राजा’ लिहावे. कोरियाचे सत्ताधीश शतकानुशतके चीनच्या सम्राटाचा मान राखून ‘वांग’ म्हणवून घेत राहिले. १८९७ मध्ये कोजोंग याने सम्राटपद घेतले ते चीनपासून आपण स्वतंत्र झालो हे जगाला सांगण्यासाठी. छत्रपतींच्या राज्याभिषेकाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला हे एका वाक्यात पटते.

‘खान’ या शब्दाची घसरण सर्वांत मोठी आहे. मध्य आशियात खान हा सार्वभौम सत्ताधीश होता आणि खाकान त्याहून वरचा. दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारात खान, मलिक, अमीर अशी सरदारांची उतरंड बनली, म्हणजे खान सर्वांत मोठा खरा, पण सुलतानाचा नोकर. आदिलशाहीतल्या अफझलखानाचा ‘खान’ हा असा दरबाराने दिलेला आहे. आज ते आडनाव आहे. चंगीझखान आणि अफझलखान यांच्या नावांपुढे एकच शब्द दिसतो म्हणून दोघांचा दर्जा एक समजण्याची चूक विद्यार्थी नेहमी करतात. याच्या उलट, अरबीत ‘सुलतान’ म्हणजे मुळात ‘सत्ता’. तो माणसाचा वाचक नंतर झाला, आणि पुढे इतका वजनदार ठरला की विजयनगरच्या राजांनी ‘हिंदूरायसुरत्राण’ असे बिरुद घेतले, त्यातला ‘सुरत्राण’ म्हणजे सुलतानच. तेव्हा सुलतानाला ‘राजा’ करू नका. शब्द मराठीत मुरलेला आहे, तो तसाच ठेवावा. ‘शहा’ आणि ‘बादशहा’ यांचेही तेच. इराणी ‘शाहनशाह’ म्हणजे राजांचा राजा, आपला राजाधिराज, आणि इथिओपियाचा ‘नेगुसा नेगेस्त’ही शब्दशः तोच.

इराणच्या साम्राज्यातून आलेला आणखी एक शब्द आपल्याच डोंगरांत कोरलेला आहे. प्रांताच्या रक्षकाला तिथे जे म्हणत, त्याचे ग्रीकांनी ‘सत्राप’ केले आणि आपण ‘क्षत्रप’. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत नहपान क्षत्रप म्हणून येतो. मूळ अर्थ प्रांताधिकारी असला तरी पश्चिम भारतातले हे क्षत्रप प्रत्यक्षात स्वतंत्र राजे बनले होते, आणि रुद्रदामनाने इसवी सन १५० च्या सुमारास गिरनारच्या लेखात ‘महाक्षत्रप ही पदवी मी स्वतः मिळवली’ असे मुद्दाम नोंदवले. शिलाहारांचे ‘समधिगत’ (मिळालेले) आणि रुद्रदामनाचे ‘स्वयमधिगत’ (स्वतः मिळवलेले) या दोन शब्दांत सगळे राज्यशास्त्र आहे. ‘नवाब’ही याच जातीचा : नायब म्हणजे प्रतिनिधी, त्यापासून तो झाला. बंगालचा किंवा अर्काटचा नवाब कागदावर मोगलांचा प्रतिनिधी होता आणि व्यवहारात धनी. हैदराबादच्या निजामाने तर १९४८ पर्यंत राज्य केले, पण निजाम-उल-मुल्क या मोगली किताबातूनच आलेले नाव घराणे शेवटपर्यंत वापरत राहिले. अशांना ‘सरदार’ न म्हणता ‘नवाब’, ‘निजाम’ असेच लिहावे.

झार आणि कैसर यांच्याबाबत आपले ‘सम्राट’ बरोबर आहे, परंतु कारण सांगायला हवे. हे दोन्ही शब्द एका माणसाच्या घराण्याचे नाव आहेत. ज्युलियस सीझरच्या ‘सीझर’चा लॅटिन उच्चार ‘कैसर’च्या जवळचा होता, रोमच्या पुढच्या सत्ताधीशांनी ते नाव पदवी म्हणून वापरले, जर्मनांनी त्याचे ‘कायझर’ केले, स्लाव्ह लोकांनी ‘त्सार’, आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदाने ‘कैसर-इ-रूम’ (रोमचा कैसर) हा मान स्वतःला लावला. रशियात चौथ्या इव्हानचा झार म्हणून राज्याभिषेक १५४७ मध्ये झाला. त्याआधीच्या मॉस्कोच्या सत्ताधीशांना झार लिहू नये, ते ‘महान क्न्याझ’ (इंग्रजीत ‘ग्रँड प्रिन्स’) होते. १८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, तेव्हा ‘कैसर-इ-हिंद’ हाच शब्द निवडला गेला. त्यामुळे जुन्या मराठी लिखाणात ‘पंचम जॉर्ज बादशहा’ असे दिसते ते चूक नाही : तो इंग्लंडचा राजा आणि हिंदुस्थानचा बादशहा होता.

फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या नावाचेही असेच झाले. त्याचे नाव कार्ल. इसवी सन ८०० मध्ये रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला, आणि त्याच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या भाषांत ते नाव ‘राजा’ या अर्थी रुळले, जसे पोलिश ‘क्रूल’, हंगेरियन ‘किराय’, रशियन ‘कोरोल’.

काही पदव्यांत माणूसच नसतो, इमारत असते. इजिप्तचा ‘फॅरो’ म्हणजे मुळात ‘मोठे घर’, राजवाडा. जपानच्या सम्राटाला पूर्वी बाहेरचे लोक ‘मिकाडो’ म्हणत, तो शब्द ‘मानाचा दरवाजा’ असा आहे. कोल्हापुरात ‘सरकार’, ‘हुजूर’ हे शब्द व्यक्ती आणि कचेरी अशा दोन्ही अर्थांनी चालत आले आहेत, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. मेक्सिकोच्या अझ्टेकांचा ‘त्लातोआनी’ म्हणजे ‘बोलणारा’. आज्ञा देण्याचा अधिकार त्यात आहे. हे शब्द एकदा समजावून मूळ रूपातच वापरावेत.

युरोपातल्या सरदारांच्या पदव्यांत मात्र आपल्या मसुद्याने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. ड्यूक हा लॅटिन ‘दुक्स’, म्हणजे फौजेचा पुढारी. काउंट हा ‘कोमेस’, राजाचा सोबती. मार्क्विस हा सरहद्दीवरच्या मुलखाचा रखवालदार. आरंभी ही कामे होती, नंतर जमिनी झाल्या, नंतर वंशपरंपरेचे मान उरले. सेनाखासखेल किंवा सरलष्कर या आपल्याकडच्या पदव्यांचा प्रवास हुबेहूब असाच झाला. समूहाने उल्लेख करताना ‘उमराव’ हा शब्द चांगला आहे. एकेकट्याचा उल्लेख करताना ‘ड्यूक’, ‘काउंट’ असेच लिहावे. आणि ड्यूक हा नेहमी खालचाच असतो असेही नाही : लक्झेंबर्गचा ग्रँड ड्यूक आजही राष्ट्रप्रमुख आहे.

‘प्रिन्स’ या शब्दापाशी विशेष सांभाळावे. मसुद्यात आपण ‘मोनॅकोचा राजपुत्र’ लिहिले आहे. तो राजपुत्र नाही, तो तिथला सत्ताधीश आहे. लॅटिन ‘प्रिन्केप्स’ म्हणजे अग्रणी, आणि ऑगस्टसने राजा हा शब्द रोमन लोकांना खपत नाही हे ओळखून तो मुद्दाम पत्करला. इंग्रजांनी मात्र हिंदी संस्थानिकांना ‘प्रिन्स’ म्हटले ते त्यांना ‘किंग’ म्हणायचे टाळण्यासाठी. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी इंग्लंडहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे; तिच्यावरच्या इंग्रजी मजकुरात ते ‘प्रिन्स’ही आहेत, ‘छत्रपती’ही आणि ‘महाराजा’ही. १८७२ मध्ये त्यांची रोजनिशी लंडनमध्ये छापली गेली, तिच्या शीर्षकात ते ‘राजा’ आहेत. एका तरुण राजाच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याची पदवी दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिली जाते, कारण ती लिहिणाऱ्याचा हेतू वेगळा आहे. करवीरच्या गादीला ‘महाराजा’ ही वंशपरंपरागत पदवी इंग्रज सरकारने मान्य केली ती १९०० मध्ये, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. त्यांची ‘राजर्षी’ ही पदवी मात्र कोणत्याही सरकारने दिलेली नाही. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत लोकांनी दिली, आणि कोल्हापूरच्या तोंडी आज तीच आहे. पुस्तिकेत ही गोष्ट जरूर घ्यावी. सत्तेकडून आलेली पदवी आणि लोकांकडून आलेली पदवी यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

शेवटी स्त्री-सत्ताधीशांबद्दल, कारण मसुद्यात सर्वत्र ‘राणी’ आहे. ‘राणी’ या शब्दातून ती राजाची पत्नी की स्वतः राज्य करणारी हे कळत नाही. दिल्लीच्या गादीवर बसलेली रझिया आपल्या नाण्यांवर ‘सुलतान’ आहे. पोलंडच्या यादविगाचा १३८४ मध्ये आणि हंगेरीत मारिया थेरेसाचा १७४१ मध्ये राज्याभिषेक झाला तो ‘राजा’ या पुल्लिंगी पदवीने, कारण कायद्यात दुसरे पद नव्हते. ऑटोमन घराण्यात ‘सुलतान’ हा शब्द स्त्रियांच्या नावानंतर लागतो, ‘हुर्रेम सुलतान’ असा, म्हणून तिथे तो सत्ताधीशाचा वाचक नाही. ताराबाईंनी १७०० ते १७०७ या काळात मोगलांशी लढा चालवला तो मुलाच्या, दुसऱ्या शिवाजींच्या, नावाने. कागदोपत्री छत्रपती तो मुलगा होता. आपण ‘महाराणी ताराबाई’ लिहा, त्यात आदर आहे आणि तो योग्यच आहे, पण पुढच्याच वाक्यात ‘अल्पवयीन छत्रपतींच्या वतीने राज्यकारभार पाहणाऱ्या’ हे शब्द घाला. आणि रझियाच्या नावापुढचे ‘राणी’ काढून ‘सुलतान रझिया’ करा.